किती सेकंदांचा आहे गं तो शॉट?

पिक्चर संपला, लाईट लागले, टाळ्या वाजल्या, आणि मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते तिथे ताई आल्या. पर्स छातीशी घट्ट धरलेली, डोळे नुसते चमकत होते. मला वाटलं आता मिठी मारतील, आणि मारलीच. त्या मिठीतच, अगदी कानाशी, किती वाजले विचारावं इतक्या साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "किती सेकंदांचा आहे गं तो शॉट?" मी म्हटलं, कोणता? खरंतर मला माहीत होतं कोणता. "टबातला," त्या म्हणाल्या. मी म्हटलं चार. त्या पण "चार" एवढंच म्हणाल्या, मान हलवली, आणि तेवढ्यात कुणीतरी ग्रुप फोटोला हाक मारली म्हणून गेल्या. बास, एवढंच झालं. आवाजात तक्रार नव्हती, राग नव्हता, फोटोत तर त्या सगळ्यात मोठं हसतायत. पण तेव्हापासून भांडी घासताना, रस्ता क्रॉस करताना, झोप लागता लागता मला ते "चार" ऐकू येतंय.

आमचा पिक्चर म्हणजे एका घरमालकाची गोष्ट. तो भाडेकरूंना मारतो आणि मेलेले भाडेकरू घर सोडतच नाहीत, नळाला पाणी नाही, पंखा आवाज करतो, भिंतीला ओल आलीय, अशा तक्रारी मेल्यावरही चालूच. भरपूर रक्त, भरपूर आरडाओरडा, थोडा वाह्यातपणा, आणि हसू. अठरा रात्री, अकरा माणसं, एक कॅमेरा, तोही मागून आणलेला. मी असिस्टंट डायरेक्टर, म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात कंटिन्युइटी, म्हणजे कुठल्या शॉटला काय कसं होतं याची नोंद, माझ्याकडे, कपडे माझ्याकडे, रक्त माझ्याकडे, आणि शेवटी एडिटला बसायला कुणी उरलं नाही तेव्हा तेही माझ्याकडे. हे रडगाणं म्हणून सांगत नाहीये, मला ते सगळं मनापासून आवडलं, आयुष्यात इतकं जागं मी कधीच नव्हते. ताई पहिल्या भाडेकरू. पन्नाशी ओलांडलेल्या, हौशी नाटकातून आलेल्या, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच. पैसे कुणालाच नव्हते, त्यांनाही नव्हते. पिक्चर विकला गेला तर सगळ्यांना वाटा, असं तोंडी ठरलेलं.

शॉट असा होता. घरमालक सकाळी उठून बाथरूममध्ये येतो, टबात लाल पाण्यात ताईंचं प्रेत, तो गुणगुणत ब्रश करतो आणि चूळ भरायला पाण्याचा मग त्याच टबात बुडवतो. मग कट ताईंच्या चेहऱ्यावर. अर्धा चेहरा पाण्यात, एक डोळा उघडा, आणि फक्त तो डोळा हळूच त्याच्याकडे वळतो. चेहऱ्यावरची रेष हलत नाही. मेलेल्या बाईला घाण वाटलीय, एवढंच. स्क्रिप्टमध्ये ही दीड ओळ होती आणि थेटरात सगळ्यात मोठा हशा या दीड ओळीला आला. मी तेव्हा पडदा बघतच नव्हते, तिसऱ्या रांगेत बसलेल्या ताईंचं डोकं बघत होते मागून. सगळी डोकी हसताना मागे गेली, त्यांचं तेवढं थोडं पुढे झुकलं, कुणीतरी लांबून हाक मारल्यावर नीट ऐकायला आपण झुकतो ना, तसं.

या जातीच्या सिनेमाला एक्स्प्लॉयटेशन म्हणतात. शब्द ऐकला की आपल्या डोक्यात आधी शोषणच येतं, पण अमेरिकेतल्या सिनेमाच्या धंद्यात तो जाहिरातबाजीचा शब्द होता. स्टार नाही, पैसा नाही, मग ओरडून सांगण्यासारखं आपल्याकडे काय आहे? रक्त, उघडं अंग, नशा, राक्षस, जे असेल ते धरायचं आणि पब्लिकला आत ओढायचं. क्रोगर बॅब नावाच्या माणसाने १९४५ सालचा 'मॉम अँड डॅड' गावोगाव फिरवला तो असाच, बायकांना वेगळा शो, पुरुषांना वेगळा शो, मध्येच स्टेजवर येऊन शरीरशास्त्रावर भाषण देणारा एक 'तज्ज्ञ', आणि भाषण झालं की पुस्तिकांची विक्री. हर्शेल गॉर्डन लुईसचा 'ब्लड फीस्ट' १९६३ चा, त्यातलं रक्त इतकं भडक आणि उघडं होतं की त्या प्रकारच्या सिनेमाची सुरुवात तिथून मानतात, आणि त्याच्या जाहिरातीसाठी प्रेक्षकांना उलटीच्या पिशव्या वाटलेल्या. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या स्वस्तातले पिक्चर काढणाऱ्या कंपनीवाले तर आधी नाव ठरवायचे, मग पोस्टर काढायचे, आणि ते चालेल असं वाटलं की मग स्क्रिप्ट लिहायला बसवायचे कुणाला तरी. हे सगळं मी शूटच्या आधी भारावून वाचलं होतं. मला त्यात धिटाई दिसायची, अजूनही दिसते. मोठ्या स्टुडिओची परवानगी मागत न बसता माणसं पिक्चर करत होती.

आमचंही पोस्टरच आधी आलं. ज्यांनी थोडेफार पैसे घातले त्यांचं म्हणणं, पोस्टरवर बाई पाहिजे, ओली पाहिजे, आणि तरुण पाहिजे. स्क्रिप्टमध्ये टबात होत्या ताई. मग कुठल्यातरी दुसऱ्याच मुलीचे फोटो काढले, खांद्यावरून लाल पाणी ओघळतंय वगैरे, आणि ती मुलगी पिक्चरमध्ये एकाही फ्रेमला नाही. ताईंनी ते पोस्टर बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे गं ही." मग बराच वेळ बघत राहिल्या. टबात त्यांनी पातळ गाऊन घालावा असंही सुचवलेलं, त्याला त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं, स्वतःच्या घरचा जुना सुती गाऊन घेऊन आल्या, चांगला जाड, बटणं गळ्यापर्यंत. त्या नाही म्हणाल्या म्हणून मला किती हायसं वाटलं, कारण ते बोलायचं काम खरंतर माझं होतं आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

रक्ताबद्दल थोडं सांगते, कारण माझे अठरा दिवस त्यातच गेले. ब्लॅक अँड व्हाईटचं बरं होतं, 'सायको'मध्ये (१९६०) बाथरूमच्या सीनला चॉकलेट सिरप चाललं, रंगाचा प्रश्नच नव्हता. रंगीत आलं आणि सगळं अवघड झालं. आमचं साखरेच्या घट्ट पाकासारखं सिरप, त्यात खायचा लाल रंग, लाल फार गुलाबी दिसतो म्हणून निळ्याचा एखादा थेंब, आणि आरपार दिसू नये म्हणून कोको पावडर, ती आधी थोड्या पाण्यात कालवून घ्यायची नाहीतर गुठळ्या होतात. अंगावर, भिंतीवर हे मस्त दिसतं. पण वाळलं की कातडीला ओढ बसते, केस दोरीसारखे होतात, आणि मुंग्या, मुंग्यांचं तर विचारूच नका. कपड्याचा एकच जोड असल्यामुळे रक्त एकदाच, म्हणजे रक्ताचा शॉट चुकला की संपलं, म्हणून आदल्या दिवशी कोरड्यात दहा-दहा वेळा तालीम. टबात वेगळीच गंमत झाली. सिरप पाण्यापेक्षा जड, ते खाली जाऊन बसलं, वरचं पाणी स्वच्छ, ताई काचेच्या पेटीत झोपल्यासारख्या दिसायला लागल्या. मग मी बाही वर करून कोपरापर्यंत हात घातला आणि ढवळत बसले. प्रत्येक टेकच्या आधी ढवळायचं. माझा हात तीन दिवस गुलाबी होता.

आणि ढवळत होते म्हणूनच मला माहीत होतं की पाणी किती गार आहे.

टब आधी गरम पाण्याने भरला होता, बादल्या तापवून तापवून. ताई आत बसल्या आणि म्हणाल्या, "अगं हे तर मस्त आहे." पण मागून लाईट होता, त्यात वाफ दिसायला लागली, लेन्सवर पण धुकं. कॅमेऱ्यावरचा मुलगा पुसून पुसून थकला. प्रेताच्या पाण्यातून वाफ येते तर मग प्रेत कसलं, आणि रात्रभर पडलेली बाई दाखवायचीय. डायरेक्टर म्हणाला, थांबू, गार होऊ दे. बरोबरच होतं त्याचं. मग आम्ही थांबलो, आणि गार व्हायला वेळ लागतोय म्हणून वरून दोन बादल्या गार पाणी ओतलं. ते मी ओतलं. ताईंना बाहेर काढून परत ओलं करण्यापेक्षा आतच राहू दे असं ठरलं, मेकअप जाईल म्हणून. कुणी वाईट नव्हतं त्या बाथरूममध्ये. सहा माणसं दाटीवाटीने उभी, सगळ्यांना ताईंची काळजी, स्पॉटदादा टॉवेल घेऊन दारातच उभे, दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारतंय ताई ठीक ना, आणि ताई दर वेळी अंगठा दाखवतायत. काळजी सगळे करत होते आणि पाणी गारच होतं.

कंटिन्युइटीचा कागद माझ्याकडे अजून आहे. ताई टबात, २:१०. ताई बाहेर, ४:५०. नऊ टेक.

पिक्चरमध्ये सहावा टेक आहे. त्यातला चार सेकंदांचा तुकडा, म्हणजे ९६ फ्रेम. आधी मी तो सहा सेकंदांचा लावला होता, कारण इतका सुंदर डोळा फिरवलाय त्यांनी की कापावंसं वाटेना. चार-पाच जणांना दाखवला, हसले पण दबकून. काहीतरी अडत होतं. परत परत बघितल्यावर कळलं. चार सेकंदांनंतर पाण्यावर बारीक वर्तुळं उमटायला लागतात. हनुवटीपाशी. ताई थरथरतायत. चेहरा एकदम स्थिर धरलाय त्यांनी, पण पाणी काही लपवत नाही. बघणाऱ्याला नीट कळतही नसेल की काय दिसलं, फक्त हसता हसता मधेच कुठेतरी आतून आवरतं, कारण तिथे आता प्रेत नसतं, थंडीने कुडकुडणारी एक बाई असते. मी तिथे कापलं. त्याच संध्याकाळी परत दाखवला तर सगळे खदाखदा हसले. एडिट टेबलवर मला इतका आनंद फार कमी वेळा झालाय, काहीतरी गवसलं असं वाटलं होतं.

जॉन वॉटर्सचा 'पिंक फ्लेमिंगोज' (१९७२) ज्यांनी पाहिलाय त्यांना शेवटचा शॉट सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना मी सांगणार नाही. एवढंच की त्यातला मुख्य नट डिव्हाईन तिथे जे करतो ते खरं आहे, आणि मध्ये कट नाही, कारण कट असता तर कुणाचा विश्वासच बसला नसता. सगळी ताकद त्या सलगपणात आहे. पिक्चर मध्यरात्रीच्या खेळांना धो धो चालला. पण डिव्हाईन १९८८ मध्ये गेला तोपर्यंत, मुलाखत कशाचीही असो, गाडी त्या एका शॉटवर यायचीच. मी हल्ली त्याचा विचार करते. तिथे खरं आहे हे दिसलं तरच मजा. आमच्याकडे उलटं, खरं आहे हे दिसलं की मजा संपली, म्हणून खरं कापायचं. यातलं जास्त बरं कुठलं मला कळत नाही. डिव्हाईनने निदान सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केलं, काय केलं ते जगाला माहीत होतं. ताईंचं दोन तास चाळीस मिनिटांचं गार पाणी मी अशा ठिकाणी कापलं की ते कधी घडलंच नाही.

कमी पैशातला सिनेमा म्हटलं की लोक वेगाची गोष्ट सांगतात. रॉजर कॉर्मनचा 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' (१९६०), मुख्य शूटिंग दोन दिवस आणि एक रात्र, दुसऱ्या कुणाचा उभा असलेला सेट मोडायच्या आत. आम्हीही सेटवर ही गोष्ट एकमेकांना सांगून दम भरायचो. पण मला त्याहून जवळची वाटते ती पीटर जॅक्सनच्या 'बॅड टेस्ट'ची (१९८७) गोष्ट. सुट्टीच्या दिवशी मित्र जमवून, एका जुन्या स्प्रिंगच्या कॅमेऱ्यावर, चार वर्षं. परग्रहवाल्यांचे मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजलेले. स्वतःच दोन रोल केले, एकात दाढी, एकात सफाचट, आणि कड्यावर स्वतःशीच मारामारी, दोन बाजू वेगवेगळ्या वेळी शूट केलेल्या. चार वर्षं ते मित्र दर वेळी परत आले यातच मला सगळं आलं असं वाटतं. पैसा नसला की सिनेमा फुकट होत नाही, तो दुसऱ्या कशावर तरी होतो, कुणाच्या सुट्टीवर, कुणाच्या आईच्या ओव्हनवर, कुणाच्या पाठीवर. त्या लोकांनी ते आनंदाने दिलं असेल, ताईंनीही आनंदानेच दिलं. पण आनंदाने दिलेल्याचाही हिशोब असतो ना, निदान घेणाऱ्याने तरी ठेवावा. मी कागदावर ठेवला होता, ०२:१० ते ०४:५०, आणि फाईलला लावून टाकला होता.

परवा रात्री हार्ड डिस्क काढली. नऊच्या नऊ टेक बघायचे असं ठरवून बसले. एडिटच्या वेळी मी शॉटच्या आधीचं आणि नंतरचं कधी ऐकलं नव्हतं, क्लॅप झाला की पुढे, कट म्हटलं की बंद, तेवढीच सवय. या वेळी कट म्हटल्यानंतरही चालू ठेवलं. सहाव्या टेकला डायरेक्टरचं "कट" येतं, लगेच सगळे मॉनिटरकडे वळतात, "झकास", "बघ बघ डोळा बघ" असले आवाज, त्यात माझा हसण्याचा आवाज सगळ्यात मोठा. फ्रेममध्ये ताई तशाच. मग त्यांनी तोंड पाण्यातून वर काढलं, दात वाजतायत, आणि म्हणाल्या, "डोळा फार लवकर फिरला का?" कुणीच उत्तर दिलं नाही, आम्ही मॉनिटर बघत होतो. त्यांनी परत विचारलं, जरा मोठ्याने, "लवकर फिरला ना? परत करूया." आणि तेव्हा डायरेक्टरचा आवाज येतो, "ताई, माझ्याकडून ओके आहे, तुम्हाला पाहिजे?" "पाहिजे," ताई म्हणाल्या.

मी तिथे थांबवलं आणि तो कागद शोधला. सात, आठ, नऊ या तिन्ही टेकसमोर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'ताईंनी मागितला'. हे मी साफ विसरले होते. इतके दिवस माझ्या डोक्यात असं बसलं होतं की आम्ही त्यांना तिथे ठेवलं. ठेवलंच, गार पाणी मीच ओतलं, ते काही पुसलं जात नाही. पण शेवटचा पाऊण तास त्यांनी स्वतः मागून घेतला होता, त्यांना तो डोळा हवा तसा फिरायला हवा होता. आणि आम्ही तो पाऊण तास घेऊन एकही फ्रेम वापरली नाही. कुठलं जास्त लागलं म्हणाल तर हे.

नववा टेक बघितला. काय सांगू. डोळा आधी वळतच नाही. एक, दोन, आपल्याला वाटतं आता काही होणार नाही, आणि मग इतका सावकाश वळतो, मध्ये एकदा अडखळतो, जणू मेलेल्या बाईलाही वाटतंय की बघावं की नको, आणि मग बघतेच. सहाव्याच्या दहापट चांगला आहे. आणि पाणी पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत हलतंय, वर्तुळांवर वर्तुळं, लाल रंग टबाच्या काठाला लागून लागून परत येतोय. वापरता येणं शक्यच नव्हतं. फ्रेमच्या उजव्या कडेला दारात स्पॉटदादांच्या हातातल्या टॉवेलचा कोपरा दिसतो. तो पण हलतोय थोडासा.

बारीक करून ताईंना मोबाईलवर पाठवला आणि फोन केला. त्या म्हणाल्या थांब, चष्मा घेते. मग बराच वेळ नुसता टेकचा आवाज येत राहिला, एकदा संपला, परत सुरू झाला. "बघ," त्या म्हणाल्या, "मी म्हणत होते ना. नऊला बरोबर फिरलाय." मी म्हटलं हो ताई, खूप भारी आहे. "मग हा का नाही घेतला?" मी म्हटलं, "पाणी हलत होतं."

"पाणी कसलं हलतंय," त्या म्हणाल्या, "मी हलत होते."

मी सॉरी म्हणणार होते, दोनदा तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "आणि हा किती आहे?" मी बघून सांगितलं, क्लॅपपासून कटपर्यंत ४१ सेकंद. "एक्केचाळीस," त्या म्हणाल्या, आणि या वेळी आवाज वेगळा होता. मग म्हणाल्या, मोबाईलवर फार बारीक दिसतं, मोठी फाईल पाठव, कट म्हटल्यानंतरचं पण असू दे, काढू नकोस काही. फाईल चांगलीच मोठी निघाली. रात्री अपलोडला लावून झोपले, सकाळी उठले तेव्हा अजून थोडी बाकी होती.